पांझरेचे बंधारे आणि फडाचा शिरस्ता

महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा खडकवासल्यापासून आरंभ करतो, तेथून भाटघर व भंडारदऱ्याकडे वळतो, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील कोयना, जायकवाडी, उजनी यांसारख्या विशाल जलाशयांपाशी येऊन थांबतो. या कथनात अभियंत्यांची नावे येतात, भिंतींच्या उंच्या येतात, जलसंचयाचे आकडे येतात. परंतु भिंतीआड साठलेले पाणी ज्यांच्या शेतात जावयाचे त्यांनी ते कोणत्या क्रमाने घ्यावे, हा क्रम कोणी ठरविला, आणि तो मोडणाऱ्यास शासन कोणी केले, याविषयी तेथे फारसे काही आढळत नाही. धरणाचा निम्मा इतिहास दगडचुन्याचा असतो व निम्मा वाटपाचा. आणि या दुसऱ्या अर्ध्यापुरतेच बोलावयाचे तर खानदेश व बागलाण यांतील लहानशा नद्यांवर, खडकवासल्याच्या पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वी दोनतीन शतके जी व्यवस्था उभी राहिली, तिच्याइतकी विचारपूर्वक घडविलेली व्यवस्था पुढील काळात आपल्याला फार थोड्या ठिकाणी निर्माण करता आली, असे माझे मत आहे. ही व्यवस्था म्हणजे फड पद्धती होय.

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर उगम पावते, पिंपळनेरवरून धुळ्याकडे पूर्वाभिमुख वाहत जाते आणि पुढे उत्तरेस वळून तापीस मिळते. तिच्या दक्षिणेस बागलाणातून वाहणाऱ्या मोसम व आरम या नद्या गिरणेत विलीन होतात आणि गिरणेच्या द्वारे त्यांचेही पाणी अखेर तापीसच जाते. या तिन्ही नद्यांना घाटमाथ्याच्या पावसाचे पाणी लाभते, परंतु त्या ज्या मैदानावरून वाहतात ते मैदान पर्जन्यछायेत आहे. म्हणजे नदीत पाणी आहे आणि तिच्या काठच्या आकाशात ते नाही, अशी तेथील स्थिती. वरच्या भागात पात्राला उतार चांगला आहे, जागोजागी खडक उघडा पडलेला आहे, आणि त्यामुळे खडकाचा आधार घेऊन एखादा ठेंगणा बंधारा घातला, तर थोडक्याच अंतरावर पाटाचे पाणी काठच्या जमिनीवर चढविता येते. निसर्गाने दिलेली ही सवलत तेथील लोकांनी ओळखली, आणि एकाच नदीवर एकाखाली एक असे बंधारे घालून त्यांनी तिचे पाणी गावोगाव वाटून घेतले.

हे बंधारे कोणी बांधले याविषयी लोकपरंपरा निरनिराळी सांगते. कोठे फारुकी सुलतानांचे नाव निघते, ज्यांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत, म्हणजे अकबराने असीरगड घेईपर्यंत, खानदेशावर राज्य केले. कोठे स्थानिक देशमुख-पाटलांना श्रेय दिले जाते. अभ्यासक ढोबळमानाने या पद्धतीचे वय तीनशे ते चारशे वर्षे मानतात. परंतु कर्त्याचे नाव शोधण्यापेक्षा एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बंधारा एखाद्या राजाच्या खजिन्यातून बांधला गेला असला, तरी तो दरसाल चालविणे, पुराने वाहून गेलेला भाग सांधणे, पाटातील गाळ उपसणे, ही कामे राजाच्या हातून होणारी नव्हती. राज्ये बदलली, फारुकी गेले, मोगल आले, मराठे आले, आणि पाट मात्र वाहत राहिले, याचा अर्थ ते वाहते ठेवणारी सत्ता गावात होती. पेशवाईच्या काळात नवा बंधारा घालणाऱ्यास वा मोडका दुरुस्त करणाऱ्यास तगाई म्हणजे सरकारी कर्ज देण्याची, इनाम जमीन तोडून देण्याची, किंवा सारा हळूहळू वाढविणारा इस्ताव्याचा कौल देण्याची वहिवाट होती; सरकाराने हात द्यावा आणि गावाने चालवावे, असा हा संबंध होता, आणि तो मला योग्य वाटतो.

आता व्यवस्थेचे स्वरूप पाहू. बंधाऱ्यापासून निघणाऱ्या पाटाची लांबी कोठे दोन किलोमीटर तर कोठे बारा किलोमीटरपर्यंत असे, आणि त्यातून सेकंदाला सुमारे ४५० लिटर पाणी वाहू शके. पाटातून चाऱ्या फुटत, चाऱ्यांतून सारंग नावाचे शेतातील बारीक पाट निघत, आणि जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीनाल्यास जाई. या पाटाखाली कायम भिजणाऱ्या जमिनीस कायम बागायत म्हणत, आणि तिचे सामान्यतः चार विभाग पाडलेले असत. प्रत्येक विभाग म्हणजे एक फड. फडाचे क्षेत्र दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत आढळते, बहुतांशी ते शंभर-सव्वाशे हेक्टरांच्या घरात असे. आणि एका फडात अनेक खातेदारांच्या जमिनी असत, तसेच एका खातेदाराची जमीन शक्यतो एकाहून अधिक फडांत असे.

या रचनेचा प्राण एका नियमात होता. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात ऊस लागावयाचा, कोणत्यात गहू वा हरभरा यांसारखी रब्बीची पिके घ्यावयाची, कोणता फड केवळ पावसावर ठेवावयाचा आणि कोणता पडीत टाकावयाचा, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी गावाच्या बैठकीत ठरे. आणि एकदा ठरले म्हणजे त्या फडातील प्रत्येक खातेदारास, तो मोठा असो वा लहान, तेच पीक लावावे लागे. पुढील वर्षी फडाफडांतील पिकांची अदलाबदल होई, त्यामुळे उसाने थकलेल्या जमिनीस विसावा मिळे आणि पाण्याचा लाभ आळीपाळीने सर्व फडांना पोहोचे. पाऊस कमी झाला, नदीचा ओघ आटू लागला, तर उसाचा फड लहान करावा, एखादा फड पूर्णपणे कोरडा सोडावा, असा निर्णयही सर्वांचा मिळून होई. ज्याची जमीन कोरड्या फडात येई त्याची दुसऱ्या फडातील जमीन भिजत असे, म्हणून दुष्काळाचा भार एकाच घरावर पडत नसे.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी इच्छा आहे, कारण या नियमात जो विचार आहे तो पुढील सरकारी कालव्यांच्या विचारापेक्षा मुळातच निराळा आहे. फडात पाण्याचे वाटप पाणी वाहू लागल्यावर होत नसे. ते पिकाच्या निर्णयात आधीच होऊन गेलेले असे. ज्याने ऊस लावला त्यास वर्षभर पाणी लागणारच. मग त्यास एकदा ऊस लावू देऊन नंतर त्याच्या दारेवर पहारा बसविण्यात, चोरी धरण्यात, दंड करण्यात काय हशील आहे? म्हणून फडाने दरवाजावर निर्बंध न घालता पेरणीवर निर्बंध घातला. गव्हाच्या फडात एखाद्याने आपल्यापुरता ऊस लावावयाचे म्हटले असते तर त्यास तो लावता आला नसता, आणि लावला असता तरी गव्हाच्या पाळ्यांवर त्याचा ऊस जगला नसता. एकाच पिकाच्या फडात सर्वांची गरज एकाच दिवशी सारखी असते. अशा स्थितीत पाणी मोजण्याचे यंत्र लागत नाही, आणि माझ्या शेजाऱ्यास माझ्याहून अधिक मिळाले ही शंका घेण्यासही फारशी जागा उरत नाही.

पाणी देण्याचे काम गावाने नेमलेल्या माणसांकडे असे. पाटाची देखरेख, गाळ व गवत काढणे, पाणी चारीत सोडणे हे पाटकऱ्याचे काम. पाळीनुसार शेतोशेती पाणी फिरविणारा तो बारेकरी. या सर्वांवर नजर ठेवणारा हवालदार. आणि उभ्या पिकाचे रात्रंदिवस रक्षण करणारा जागल्या. यांचा मोबदला सर्व खातेदारांनी क्षेत्राच्या प्रमाणात द्यावयाचा, पूर्वी तो धान्याच्या रूपाने दिला जाई. यांच्यावर पंचांचे मंडळ असे, तेच तक्रारी ऐकत, तेच दंड ठरवीत, आणि दरसाल पाट साफ करण्याच्या वेळी कोणाच्या घरातून किती माणसे यावयाची याचीही तजवीज तेच करीत. या सगळ्यांत मला बारेकऱ्याची नेमणूक अतिशय महत्त्वाची वाटते. आपल्या शेतास आपल्या हाताने पाणी घेण्याचा अधिकार खातेदाराने सोडून दिलेला होता. तो रात्री शेतावर हजर असो वा नसो, गावचा मोठा असामी असो वा विधवा स्त्री असो, त्याच्या किंवा तिच्या शेताची पाळी आली म्हणजे बारेकरी पाणी देई आणि शेत भिजले म्हणजे पुढच्या शेताकडे वळे. ज्याच्या हातात कुदळ त्याचे पाणी, ही कालव्याकाठच्या गावांत आज सर्वत्र दिसणारी स्थिती तेथे येऊ नये म्हणून शेताचा मालक आणि दारे धरणारा हे दोन मनुष्य जाणूनबुजून वेगळे ठेवलेले होते.

बंधाऱ्याबंधाऱ्यांमधील संबंध इतके सोपे नव्हते. वरच्या गावाने नदीचा सर्व ओघ आपल्या पाटात वळविला तर खालच्या गावाने काय करावे, हा प्रश्न प्रत्येक नदीवर उभा राहतोच. पांझरा-मोसमेच्या खोऱ्यांत निसर्गाने त्याचे अंशतः उत्तर दिलेले होते, कारण वरच्या बागायतीत मुरलेले पाणी पाझरून पुन्हा पात्रात उतरे आणि खालच्या बंधाऱ्यास मिळे; म्हणून एकाखाली एक इतके बंधारे जगू शकले. उन्हाळा जवळ आला, पाझर मंदावला, की मात्र गावागावांत कुरबुरी होत, आणि मामलेदारापर्यंत जाणारे वाद होत. फडाची एकी गावाच्या शिवेपर्यंत होती, शिवेपलीकडे ती विरळ होत गेली, हे मान्य केले पाहिजे.

आणखीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, आणि फड पद्धतीची स्तुती करणाऱ्यांनी ती बहुधा टाळली आहे. फडाची समता ही खातेदारांची समता होती. ज्यास बागायतीत जमीन नाही त्यास पाण्यावर कोणताही हक्क नव्हता. खानदेशात जागल्याचे काम बहुधा भिल्लांकडे असे. ज्याने रात्री जागून सबंध फडाचा ऊस राखला त्याच्या वाट्यास त्या पाण्यातून एक ओंजळही हक्काने येत नसे, त्यास येई ती मजुरी आणि पसाभर धान्य. गावाने आपल्यातील मोठ्या व लहान खातेदारास एका नियमाखाली आणले, ही लहान गोष्ट नाही. परंतु गाव म्हणजे कोण, याची त्याची कल्पना बांधाच्या आतच संपत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशावर जी आपत्ती कोसळली तिने या व्यवस्थेची कठोर परीक्षा घेतली. होळकरांच्या फौजांनी १८०२ मध्ये केलेला विध्वंस, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, आणि त्यानंतरची पेंढाऱ्यांची धामधूम यांमुळे गावेच्या गावे ओस पडली; जेथे माणूसच राहिला नाही तेथे पाट कोण उपसणार? १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला आणि कॅप्टन ब्रिग्ज हा तेथील पहिला अधिकारी होऊन धुळ्यास आला, तेव्हा पुष्कळ बंधारे फुटलेले व पाट बुजलेले होते. पुढील दशकांत वस्ती परतली तसतसे बंधारे पुन्हा सांधले गेले, काहींच्या दुरुस्तीचा खर्च सरकाराने उचलला. नव्या सरकारास त्यात सारा दिसत होता, हे खरे. पाटाच्या पाण्याने भिजणारी जमीन पाटस्थळ आणि विहिरीच्या मोटेने भिजणारी ती मोटस्थळ, असा जमाबंदीत भेद करून पाटस्थळावर अधिक आकार बसविला जाई. परंतु एका बाबतीत कंपनी सरकाराने आणि नंतर राणीच्या सरकाराने शहाणपण दाखविले, ते म्हणजे बंधाऱ्याची मुख्य भिंत आपल्या ताब्यात घेतल्यावरही त्याने पाटाखालच्या वाटपात हात घातला नाही. १८७९ मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला, आणि असली जुनी कामे द्वितीय श्रेणीची मानून त्यांवरील लोकांच्या वहिवाटीचे हक्क नोंदवून घेण्याची सोय पुढे त्या कायद्यात आली. कागदावर का होईना, गावाचा शिरस्ता हाही एक कायदा आहे, ही गोष्ट तेथे स्वीकारली गेली.

दख्खनच्या मोठ्या कालव्यांवर मात्र सगळेच निराळे घडले. १८७६-७७ च्या महादुष्काळाने सरकारास जागे केले होते. खडकवासल्याचे धरण त्याच सुमारास पूर्ण झाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे जुने धरण नीरेच्या कालव्यास पाणी देऊ लागले, प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये आणि भाटघरचे नवे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. ही कामे दुष्काळनिवारणार्थ आरंभिली होती, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या मुलखात पाऊस हुकला तर पिकास एखाददुसरे पाणी देऊन ते वाचवावे, हा उद्देश. परंतु पाऊस बरा झाला त्या वर्षी ज्वारीसाठी कोणी शेतकरी पैसे देऊन पाणी घेईना, आणि कालव्याचे उत्पन्न खर्चासही पुरेना. म्हणून पाटबंधारे खात्याने बारमाही पिकाकडे, मुख्यतः उसाकडे, दृष्टी वळविली. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्रपणे पाण्याचा अर्ज करावा, खात्याने तो मंजूर वा नामंजूर करावा, आणि मंजूर क्षेत्रास शेजपाळीने, म्हणजे ठरवून दिलेल्या पाळीने, पाणी द्यावे, अशी पद्धत पडली. जो अर्ज पुढे नमुना नंबर ७ या नावाने महाराष्ट्रातील प्रत्येक लाभक्षेत्रात ओळखला जाऊ लागला, त्याच्यापुढे शेतकरी एकटा उभा राहिला. त्याचा संबंध शेजाऱ्याशी उरला नाही, कचेरीशी जडला.

याविषयीची जळजळीत तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, म्हणजे १८८३ मध्येच, नोंदविली आहे. पाण्याची पट्टी वसूल करण्यात तत्पर असणारे खाते पिके वाळत असताना वेळेवर पाणी देण्याविषयी मात्र बेफिकीर राहते, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. आणि केवळ तक्रार करून न थांबता, ओढ्यानाल्यांवर जागोजागी लहान बंधारे व तलाव घालून पाणी जमिनीत मुरवावे, अशी विधायक सूचनाही त्यांनी केली. ज्या काळी पुण्याच्या शिक्षित वर्गास खडकवासल्याचा जलाशय केवळ सहलीचे व अभिमानाचे स्थळ वाटत होता, त्या काळी पाण्याच्या वाटपातील अन्याय ज्याने पाहिला त्या पुरुषाची दृष्टी किती सूक्ष्म होती, याचा आपण पुरेसा आदर केलेला नाही.

फड आणि सरकारी कालवा या दोन प्रवाहांना जोडणारा एक दुवा आहे, आणि तो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या चरित्रात सापडतो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या आरंभीच्या नेमणुका नाशिक व खानदेश जिल्ह्यांत झाल्या. पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळाच्या सायफनाने पलीकडे नेण्याचे काम हे त्या तरुण अभियंत्याच्या पहिल्या कामांपैकी एक होते. पावसाळ्यात, पुरांच्या अडचणीत त्यांनी ते पार पाडले. पुढे ते पुणे विभागात आले, १९०३ मध्ये त्यांच्या स्वयंचलित दरवाजांची योजना खडकवासल्यास झाली, आणि त्याच काळात नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धती मांडली. कालव्याखालील सर्व क्षेत्रावर उसाचे तुकडे विखरून न देता ठरावीक गट पाडावेत, गटातील साधारण एकतृतीयांश भागातच ऊस असावा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यावीत, आणि या भागांची वर्षानुवर्षे अदलाबदल व्हावी, अशी ती योजना होती. ज्याने पांझरेकाठचे फड डोळ्यांनी पाहिले आहेत त्यास या ब्लॉकाच्या मागे फड उभा असलेला दिसल्याखेरीज राहणार नाही. हे माझे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते घ्यावे. परंतु ते मला बळकट वाटते.

असे असूनही ब्लॉक फडासारखा रुजला नाही, आणि त्याचे कारण विश्वेश्वरय्यांच्या बुद्धीत शोधण्याची आवश्यकता नाही. फडात कोणते पीक कोठे घ्यावयाचे हे गाव ठरवी, ब्लॉकात ते खाते ठरवू लागले. फडात नियम मोडणारा गावाच्या रोषास पात्र होई. ब्लॉकात नियम मोडणारा कालवा निरीक्षकाच्या पंचनाम्यास पात्र होई, आणि पंचनामा टाळण्याचे मार्ग निघू शकतात. त्यातच साखर कारखाने आले, उसास हुकमी गिऱ्हाईक मिळाले, आणि एकतृतीयांशाची मर्यादा ढिली पडत गेली. जमिनीवर परिणाम तर त्याआधीच दिसू लागले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९१० च्या सुमारासच नीरेच्या खोऱ्यातील खारवटलेल्या जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता; कालव्याचे अतिरिक्त पाणी खोल काळ्या जमिनीत साचून भूजलाची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर आले, आणि जी जमीन कालव्याने सोन्याची व्हावयाची ती चोपण झाली. फडाने अदलाबदल आणि पडीत यांच्या साहाय्याने जे शतकानुशतके टाळले, ते कालव्याने एका पिढीत ओढवून घेतले.

स्वातंत्र्यानंतर फडाचे दिवस पालटले. पांझरेवर लाटीपाडा, मोसमेवर हरणबारी, आरमेवर केळझर अशी धरणे बंधाऱ्यांच्या वरच्या अंगास झाली, आणि पांझरेवर धुळ्याजवळ पुढे अक्कलपाडाही झाले. नदीचा नैसर्गिक ओघ जाऊन तेथे धरणातून सुटणारे आवर्तन आले. म्हणजे फडाच्या पंचांना जो अंदाज नदीच्या पात्राकडे पाहून बांधता येत असे, तो आता कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीत विचारावा लागू लागला. गावोगाव विजेचे पंप आले आणि फडाच्या आतच विहिरी खोदल्या गेल्या. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यास सर्वांबरोबर गहू पेरण्याचे बंधन का पाळावेसे वाटेल? त्याने ऊस लावला, मग शेजाऱ्याने लावला, आणि एका फडात एक पीक हा नियम मोडला. वाटण्यांनी खाती लहान झाली, प्रत्येक फडात जमीन असणारे खातेदार कमी झाले, आणि कोरडा फड सोडण्याचा निर्णय ज्या विश्वासावर होई तो विश्वासही त्याबरोबर कमी झाला. आजही काही गावांत बंधारे वाहतात, पाटकरी नेमले जातात, पण पूर्वीचा फड आता मोजक्याच ठिकाणी उरला आहे.

दरम्यान महाराष्ट्रात अन्यत्र या प्रश्नाचा नव्याने विचार सुरू झाला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर अवलंबून न ठेवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठेवावा, दर माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर इतक्याच क्षेत्रापुरते पाणी द्यावे, भूमिहीनासही हा हक्क असावा, आणि या पाण्यावर ऊस घेऊ नये, असे त्याचे नियम होते. पिकावर मर्यादा घालण्याचे फडाचे तत्त्व येथे पुन्हा आले, आणि फडाने ज्यास बांधाबाहेर ठेवले होते त्यास आत आणले गेले. माझ्या मते महाराष्ट्राच्या जलविचारात विसाव्या शतकाने घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेल्या बळीराजा धरणामागेही हाच समन्यायाचा आग्रह होता. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पाच्या शेपटाकडील ओझरच्या शेतकऱ्यांनी, ज्यांच्यापर्यंत कालव्याचे पाणी पोहोचतच नव्हते, बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था काढल्या, आणि हळूहळू सबंध प्रकल्पाचे वाटप शेतकऱ्यांच्या हाती आले.

या अनुभवांतून २००५ मध्ये सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. संस्थेस पाणी घनमापनाने मोजून द्यावे, तिने ते सभासदांत वाटावे, आणि मंजूर कोट्याच्या मर्यादेत कोणते पीक घ्यावयाचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास असावे, ही त्याची मुख्य सूत्रे. गावाच्या हाती वाटप परत देण्याचा हा निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि पीकस्वातंत्र्याच्या कलमापाशी मला फडाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पाणी मोजता येते हे खरे, परंतु रात्रीच्या काळोखात प्रत्येक चारीवर मोजणारा उभा राहू शकत नाही. आणि एका चारीवर जेव्हा दहा खातेदार दहा पिके घेतात, तेव्हा ज्याच्या पिकास पाण्याची निकड अधिक त्याचा हात प्रथम दाराकडे जातो. संस्थांनी आपापल्या सभेत, कायद्याने भाग पाडले नाही तरी, हंगामापूर्वी पिकांचा एकत्र निर्णय घेण्याचा प्रघात पाडला, आणि पाणी देण्यासाठी मालकाहून वेगळा, संस्थेच्या पगाराचा पाटकरी नेमला, तर कोट्याचा हिशेब पाळणे त्यांना पुष्कळ सुलभ होईल. ज्या संस्थांनी यापैकी काही केले आहे त्यांनी आपला अनुभव इतरांस सांगावा.

एक विनंती मात्र पांझरा, मोसम व आरमेकाठच्या ग्रामस्थांस स्वतंत्रपणे करावयाची आहे. फडाच्या पंचांनी ठेवलेल्या वह्या, पाळ्यांच्या याद्या, पाटकरी व जागल्यांच्या मोबदल्याचे हिशेब, बंधाऱ्याच्या तंट्यांतील जुने निवाडे, असे जे काही कोणाच्या घरी ट्रंकेत वा माळ्यावर पडून असेल, ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी बाहेर काढावे. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे; ज्या पुरुषाने गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली त्याच्या अखेरच्या दिवसांच्या गावी पाटाच्या वह्यांस जागा मिळणे सर्वथा उचित होईल. मूळ कागद देणे जमत नसेल तर त्याची छायाप्रत तरी द्यावी, आणि ज्या वृद्धांनी स्वतः बारे दिलेले आहे त्यांच्या तोंडून त्या कागदांतील शब्दांचे व क्षेत्रांचे अर्थ लिहून घ्यावेत. हे काम शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयातील विद्यार्थी यांना करता येण्यासारखे आहे, आणि ते याच उन्हाळ्यात सुरू करावे.